खाऱ्या हवेपासून विद्युत उपकरणांचे संरक्षण

खाऱ्या हवेपासून विद्युत उपकरणांचे संरक्षण म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या हवेतील मिठाचे कण आणि दमटपणा यांच्या एकत्रित परिणामापासून वीजवाहिन्या, रोहित्रे, मोटारी, वितरण पेट्या, घरगुती उपकरणे व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सुरक्षित ठेवण्यासाठी योजले जाणारे उपाय होत. खाऱ्या हवेमुळे होणारी हानी मुख्यतः दोन प्रकारची असते. एक म्हणजे धातूचे भाग गंजतात. दुसरे म्हणजे विद्युतरोधक पृष्ठभागांवर खारट ओलसर थर बसून त्यातून प्रवाहाची गळती होऊ लागते. पहिल्या प्रकारामुळे जोड सैल होणे, तारा तुटणे व अर्थिंग निकामी होणे असे दोष उद्भवतात. दुसऱ्यामुळे ठिणग्या उडून वीजपुरवठा खंडित होतो.

या दोन्ही प्रकारांत मिठाइतकेच महत्त्व पाण्याच्या पातळ थराला असते. पूर्णपणे कोरडे मीठ विजेचे वहन करत नाही आणि धातूलाही फारसा अपाय करत नाही. मीठ, ओलावा आणि त्यांच्या संपर्कात येणारा धातू किंवा विद्युतदाब अशी ही साखळी असून, संरक्षणाचा प्रत्येक उपाय तिच्यातील कोणता ना कोणता दुवा तोडतो.

खाऱ्या हवेचा उगम

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी वजनाने सुमारे ८५ टक्के भाग सोडियम व क्लोराइड या आयनांचा असतो; उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम हे प्रमुख होत. लाटा फुटताना पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. हे बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटले की सूक्ष्म तुषार हवेत उडतात. मोठे तुषार किनाऱ्याजवळच खाली पडतात. लहान तुषारांतील पाण्याची वाफ होऊन मिठाचे अतिसूक्ष्म कण किंवा अतिशय खारट थेंब उरतात आणि ते वाऱ्याबरोबर जमिनीवर वाहून येतात.

दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना मराठीत ‘खारे वारे’ आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना ‘मतलई वारे’ म्हणतात. हवेतील मिठाचे प्रमाण किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काहीशे मीटरांत झपाट्याने घटते. मात्र सोसाट्याच्या वाऱ्यात ते अनेक किलोमीटर आतपर्यंत पोहोचू शकते. खडकांवर लाटा आपटणारा उघडा किनारा आणि शांत खाडीचा काठ यांच्यातही मोठा फरक असतो. सुरूची बने, टेकड्या व इमारती यांमुळे वारा अडतो आणि त्यांच्या आडोशाला मीठ कमी साचते. त्यामुळे एकाच घराच्या समुद्राकडील भिंतीवरची वीज पेटी लवकर गंजते, तर मागील भिंतीवरची पेटी दीर्घकाळ टिकते.

हानीची प्रक्रिया

ओलाव्याची भूमिका

शुद्ध सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रतेत हवेतील बाष्प ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागते. स्वयंपाकघरातील मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते ते याच गुणधर्मामुळे. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड हे तर सुमारे ३३ टक्के सापेक्ष आर्द्रतेतही बाष्प ओढून घेते. म्हणून किनाऱ्यावरील धातूचा पृष्ठभाग वरवर कोरडा दिसला, तरी मिठाच्या थराखाली तो बहुतेक काळ ओलसर राहू शकतो.

पावसाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा असतो. जोरदार पाऊस साचलेले मीठ धुऊन टाकतो. दव, धुके किंवा रिमझिम सर मिठाला केवळ ओले करते, धूत नाही. त्यामुळे उघड्यावर पावसात भिजणाऱ्या भागांपेक्षा छपराच्या वळचणीखालील, पेटीच्या झाकणाखालील किंवा खांबावरील दिव्याच्या खालच्या बाजूचे भाग अनेकदा अधिक गंजलेले आढळतात.

धातूंचे संक्षारण

हवा व पाणी यांच्या रासायनिक परिणामामुळे धातू झिजण्याच्या क्रियेला संक्षारण म्हणतात. लोखंडाच्या बाबतीत तिलाच गंजणे असे नाव आहे. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस पोलाद यांच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा असतो. क्लोराइड आयन हा पापुद्रा ठिकठिकाणी भेदतात आणि तेथे खोल जाणारे बारीक खड्डे पडतात. पृष्ठभागाचा बराच भाग चकचकीत दिसत असतानाही असा खड्डा धातूच्या आरपार जाऊ शकतो. तांब्यावर हिरवट थर चढतो, जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि लोखंडावर पापुद्रे सुटणारा तांबूस गंज येतो.

दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असतील आणि त्यांच्यावर खारट पाण्याचा थर असेल, तर हानीचा वेग पुष्कळ वाढतो. आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली जाहीर केलेल्या विद्युतघटात दोन भिन्न धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड किंवा पुठ्ठा ठेवलेला असे. किनाऱ्यावरील तांबे व ॲल्युमिनियम यांच्या जोडात नकळत असाच घट तयार होतो. त्यात अधिक क्रियाशील धातू, म्हणजे येथे ॲल्युमिनियम, झिजतो आणि तांबे सुरक्षित राहते. क्रियाशील धातूचा भाग लहान आणि दुसऱ्या धातूचा मोठा असेल, तर झीज थोड्या जागी एकवटते. स्टेनलेस पोलादाच्या मोठ्या पत्र्याला जस्ताचा मुलामा दिलेले लहान बोल्ट लावले असता ते लवकर गंजतात, याचे कारण हेच.

विद्युत जोडांतील उष्णता

जोडाच्या दोन पृष्ठभागांत गंजाचा थर शिरला की त्याचा विद्युतरोध वाढतो. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. २० अँपिअर प्रवाह वाहून नेणाऱ्या जोडाचा रोध ०.१ ओहमपर्यंत वाढला, तर त्या एका ठिकाणी ४० वॉट उष्णता निर्माण होते. लहानशा टर्मिनलमध्ये एवढी उष्णता सतत साचल्यास वायरचे वेष्टण वितळते, तापण्या-थंड होण्यामुळे स्क्रू आणखी सैल होतो आणि रोध पुन्हा वाढतो. दिवा लुकलुकणे, प्लगचा रंग बदलणे किंवा मुख्य स्विचजवळ जळका वास येणे ही या दोषाची लक्षणे होत.

विद्युतरोधकावरील फ्लॅशओव्हर

वाहिनीची तार खांबापासून अलग ठेवण्यासाठी चिनी माती, काच किंवा बहुवारिक यांचे विद्युतरोधक (इन्सुलेटर) वापरतात. त्यांच्यावर मिठाचा थर बसून तो दवाने ओला झाला की पृष्ठभागावरून गळती प्रवाह वाहू लागतो. या प्रवाहाच्या उष्णतेने थराचे काही पट्टे वाळतात. संपूर्ण विद्युतदाब मग या अरुंद कोरड्या पट्ट्यांवर एकवटतो आणि तेथे लहान ठिणग्या उडतात. रात्रीच्या वेळी खांबाजवळ ऐकू येणारा चरचर आवाज व दिसणारा निळसर प्रकाश बहुधा या ठिणग्यांचा असतो. ओला थर पुरेसा वाहक असल्यास ठिणगी वाढत जाऊन विद्युतरोधकाचे वरचे व खालचे टोक जोडते. या घटनेला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यामुळे वाहिनीवर दोष निर्माण होऊन पुरवठा बंद पडतो. विद्युतरोधक फुटलेला नसल्यास वाळल्यावर तो पुन्हा निर्दोष वाटतो आणि दोषाचे कारण शोधणे अवघड जाते.

सप्टेंबर १९९१ मध्ये जपानवर आलेल्या ‘मिरेल’ या चक्रीवादळात पश्चिम जपानच्या काही भागांत वाऱ्याच्या मानाने पाऊस कमी पडला. त्यामुळे समुद्रावरून आलेले मीठ धुतले न जाता विद्युतरोधकांवर साचले आणि हिरोशिमा परिसरासह मोठ्या भागाचा वीजपुरवठा विस्कळीत झाला.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणा

सर्किट बोर्डावरील दोन वाहक पट्ट्यांमधील अंतर मिलिमीटरच्या अंशाइतके असते. त्यांच्यामध्ये खारट ओलावा आल्यास एका पट्टीचा धातू विरघळून दुसरीकडे सरकतो आणि झाडाच्या फांद्यांसारखे बारीक तंतू तयार होतात. असा तंतू दोन्ही पट्ट्यांना जोडतो, तेव्हा बोर्ड निकामी होतो. वातानुकूलन यंत्रे, इन्व्हर्टर, शीतकपाटे आणि धुलाई यंत्रे यांच्या नियंत्रक बोर्डांत हा दोष उद्भवू शकतो.

तीव्रतेचे वर्गीकरण

एखाद्या ठिकाणची हवा किती संक्षारक आहे, हे ठरवण्यासाठी आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरले जाते. त्यात सी१ (अतिशय कमी) ते सी५ (अतिशय जास्त) आणि त्यापलीकडे सीएक्स (टोकाची) असे सहा वर्ग आहेत. वर्ग ठरवताना हवेतील आर्द्रता, दर चौरस मीटरवर दररोज साचणारे क्लोराइड आणि नमुन्याच्या पट्ट्यांची एका वर्षातील झीज विचारात घेतात.

या मानकानुसार जस्ताची पहिल्या वर्षातील झीज सी३ वर्गात ०.७ ते २.१ मायक्रोमीटर, सी५ वर्गात ४.२ ते ८.४ मायक्रोमीटर आणि सीएक्स वर्गात ८.४ ते २५ मायक्रोमीटर असते. जाड पोलादी भागांवर वितळलेल्या जस्ताचा मुलामा साधारणपणे दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रोमीटर जाडीचा दिला जातो. झिजेचा दर कायम राहिला असे ढोबळमानाने धरल्यास हा मुलामा सी३ वर्गाच्या हवेत ४० वर्षे किंवा अधिक काळ, सी५ वर्गात १० ते २० वर्षे आणि सीएक्स वर्गात १० वर्षांहूनही कमी काळ टिकेल. एकाच प्रकारचा खांब देशावर दोन पिढ्या उभा राहतो आणि समुद्रालगत थोड्याच वर्षांत गंजू लागतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

विद्युतरोधकांसाठी प्रदूषणाचे वेगळे वर्गीकरण आहे. विद्युतरोधकाच्या पृष्ठभागावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलेल्या लांबीला क्रीपेज अंतर म्हणतात. आयईसी ८१५ या १९८६ च्या मार्गदर्शकात वाहिनीच्या कमाल विद्युतदाबाच्या दर किलोव्होल्टमागे हे अंतर कमी प्रदूषणात १६, मध्यम प्रदूषणात २०, जास्त प्रदूषणात २५ आणि अतिशय जास्त प्रदूषणात ३१ मिलिमीटर असावे, असे दिले होते. ३३ केव्ही वाहिनीचा कमाल दाब ३६ केव्ही धरला, तर कमी प्रदूषणाच्या भागात ५७६ मिलिमीटर अंतर पुरते. उघड्या समुद्रकिनाऱ्यावर मात्र १,११६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट अंतर लागते. आयईसी ६०८१५ या नंतरच्या मालिकेत मोजणीची पद्धत बदलली असली, तरी मूळ तत्त्व तेच आहे.

संरक्षणाचे उपाय

धातूची निवड

पोलादी भागांना जस्ताचा मुलामा देणे हा सर्वांत प्रचलित उपाय होय. स्टॅनिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ साली याचे एकस्व घेतले. जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करत असल्याने मुलाम्यावर ओरखडा पडला तरी लगेच गंज चढत नाही. किनाऱ्यावर नेहमीपेक्षा जाड मुलामा देतात किंवा मुलाम्यावर रंगाचे थर चढवतात. मुलामा दिल्यानंतर भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळले जाते, कारण तेथील जस्त नाहीसे होते.

स्टेनलेस पोलादाच्या प्रचलित प्रतींपैकी ३०४ या प्रतीवर समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे तांबूस डाग पडतात. ३१६ या प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती क्लोराइडला अधिक दाद देत नाही. म्हणून किनाऱ्यावरील बोल्ट, बिजागऱ्या व पेट्यांसाठी ती पसंत केली जाते. मीटर व जोडांच्या पेट्यांसाठी काचतंतुयुक्त प्लॅस्टिक किंवा पॉलिकार्बोनेट वापरल्यास गंजण्याचा प्रश्नच उरत नाही; मात्र उन्हातील अतिनील किरणांना टिकणारी प्रत निवडावी लागते.

उपरी वाहिन्यांत मध्यभागी पोलादी गाभा आणि भोवती ॲल्युमिनियमचे पेड असलेल्या तारा सर्वत्र वापरतात. खारट ओलावा पेडांतून आत शिरल्यास गाभ्यावरील जस्त आधी झिजते आणि नंतर पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यात घट तयार होतो. बाहेरून धड दिसणारी तार आतून अशक्त होते. यावर गाभ्याला ग्रीस भरणे किंवा मॅग्नेशियम व सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची गाभा नसलेली तार वापरणे हे उपाय आहेत.

जोडांची काळजी

तांबे व ॲल्युमिनियम यांचा थेट संपर्क टाळण्यासाठी एका बाजूला तांबे व दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेले द्विधातू लग किंवा कथिलाचा मुलामा दिलेले तांब्याचे लग वापरतात. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग ब्रशने घासून त्यावर लगेच जोडाचे ग्रीस लावतात, म्हणजे हवा व पाणी आत शिरत नाही. तांब्यावरून ओघळणारे पाणी ॲल्युमिनियमवर किंवा जस्ताच्या मुलाम्यावर पडल्यास तेथे झीज सुरू होते. म्हणून शक्य तेथे ॲल्युमिनियमचा भाग वर आणि तांब्याचा खाली ठेवतात. उघड्यावरील जोडांवर जलरोधक टेप किंवा उष्णतेने आकसणारी नळी चढवली जाते.

पेट्या व बंदिस्ती

पेटी धूळ व पाणी किती अडवते हे आयपी अंकांनी दर्शवतात. आयपी ६५ मधील पहिला अंक धूळ पूर्णपणे अडवली जाते असे सांगतो आणि दुसरा अंक पाण्याच्या झोतापासून मिळणारे संरक्षण दर्शवतो. मात्र हे अंक पेटीचा धातू गंजेल की नाही, याविषयी काहीही सांगत नाहीत. आयपी ६५ दर्जाची साध्या पत्र्याची पेटीही किनाऱ्यावर गंजते आणि तिची कड गंजल्यावर तो दर्जाही उरत नाही.

बंदिस्त पेटीचा आणखी एक दोष म्हणजे तिचा ‘श्वासोच्छ्वास’. दिवसा उन्हाने पेटीतील हवा प्रसरण पावून बाहेर जाते. रात्री ती थंड झाली की बाहेरची दमट, खारी हवा फटींतून आत ओढली जाते आणि तिच्यातील बाष्पाचे आतल्या पत्र्यावर पाणी होते. हे पाणी बाहेर जाऊ शकत नाही. त्यामुळे पेटीच्या तळाशी निचऱ्याचे छिद्र किंवा हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पटलयुक्त झडप बसवतात. मोठ्या पॅनलमध्ये लहान तापक सतत चालू ठेवतात, म्हणजे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी अधिक राहून दव धरत नाही. केबल पेटीत खालच्या बाजूने आणतात आणि ग्लँड घट्ट बसवतात. पेटीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ दिल्यास पाणी तेथूनच ठिबकून जाते.

रोहित्राच्या टाकीतील तेलही तापण्या-थंड होण्याबरोबर श्वास घेते. आत येणारी हवा सिलिका जेलच्या डबीतून जाते व कोरडी होते. निळे सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी झाले की ते बदलावे किंवा तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. रोहित्राचे थंडाव्यासाठी असलेले पातळ पत्र्याचे पंखे समुद्राजवळ लवकर गंजतात आणि त्यांतून तेलगळती होते, म्हणून त्यांच्या रंगकामाकडे विशेष लक्ष दिले जाते.

विद्युतरोधकांची निवड

अधिक क्रीपेज अंतरासाठी विद्युतरोधकांच्या छत्र्यांची संख्या वाढवतात किंवा लहान-मोठ्या छत्र्या आलटून पालटून ठेवतात. सिलिकॉन रबराच्या विद्युतरोधकावर पाण्याचा सलग थर पसरत नाही. अळूच्या पानावरील थेंबांप्रमाणे पाणी सुटे राहते आणि गळती प्रवाहाला अखंड वाट मिळत नाही. सिलिकॉनमधील हलके रेणू वर साचलेल्या मिठाच्या थरातही शिरत असल्याने हा गुण मलीन पृष्ठभागावरही टिकतो. मात्र दीर्घकाळ सतत भिजत राहिल्यास तो तात्पुरता क्षीण होतो. जुन्या चिनी मातीच्या विद्युतरोधकांवर सिलिकॉनचा लेप देऊनही हा लाभ मिळवता येतो; ठरावीक वर्षांनी लेप पुन्हा द्यावा लागतो.

मोठ्या उपकेंद्रांत संपूर्ण स्विचगिअर वायुरोधित धातूच्या नळ्यांत बंदिस्त करण्याची पद्धत आहे. भूमिगत केबलमुळे वाहिनीवरील विद्युतरोधकांची गरज उरत नाही. तथापि केबल जेथे जमिनीबाहेर येऊन रोहित्राला जोडली जाते, ती टोके खाऱ्या हवेतच राहतात.

इलेक्ट्रॉनिक भाग

सर्किट बोर्डांवर ॲक्रिलिक, सिलिकॉन, पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी यांचा पातळ पारदर्शक लेप दिला जातो. बोर्ड स्वच्छ करूनच लेप द्यावा लागतो, कारण आत मीठ राहिल्यास लेप त्याला अडकवून ठेवतो. दूरसंचार व संगणक कक्षांत बाहेरची हवा थेट न घेता आतील हवाच थंड करून फिरवतात.

अर्थिंग व जीवितसुरक्षा

किनाऱ्यावरील खारट जमिनीचा विद्युतरोध कमी असल्याने तेथे अर्थिंग चांगले होते, असा समज असतो. प्रारंभी ते खरेही असते. परंतु तीच जमीन गाडलेल्या जस्तलेपित नळीला व पट्टीला झपाट्याने गंजवते. म्हणून तेथे तांब्याचा थर चढवलेल्या सळया वापरतात, जोड जमिनीच्या वर तपासता येईल अशा जागी ठेवतात आणि अर्थिंगचा रोध ठरावीक काळाने मोजतात. भारतात अर्थिंगविषयी आयएस ३०४३ ही कार्यसंहिता लागू आहे.

खाऱ्या हवेच्या परिणामांपैकी सर्वांत धोकादायक दोष येथेच संभवतो. प्रवाह वाहून नेणारा जोड खराब झाला तर दिवा लुकलुकतो, मोटार गरम होते, म्हणजे दोषाची सूचना मिळते. अर्थिंगचा जोड तुटला तरी दिवे लागतात, पंखा फिरतो आणि पंप पाणी ओढतो. उपकरणातील वेष्टण खराब होऊन त्याच्या धातूच्या बाह्यांगात प्रवाह उतरेपर्यंत हा दोष लक्षात येत नाही. त्या वेळी उपकरणाला हात लावणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जातो. मासळी उतरवण्याचे धक्के, बर्फाचे कारखाने आणि विहिरीवरील पंप अशा ओल्या जागी हा धोका अधिक असतो.

यासाठी गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे उपकरण बसवले जाते. घरगुती वापरात ते सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीला कार्य करणारे असते. खाऱ्या हवेत त्याचे यांत्रिक भागही अडकू शकतात. म्हणून त्यावरील चाचणीचे बटण नियमितपणे दाबून पाहणे आवश्यक ठरते. किनाऱ्यावर आरसीसीबी वारंवार पडत असल्यास ते काढून टाकण्याऐवजी गळतीची जागा शोधणे हाच योग्य उपाय होय.

घरगुती उपकरणे व सौर संच

वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील भागात तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. दोन धातूंच्या या जोडीमुळे समुद्राजवळ पट्ट्यांचा चुरा होतो व थंडावा कमी होतो. लेप दिलेल्या पट्ट्यांचे यंत्र निवडणे, ते समुद्राकडे तोंड न करता आडोशाला बसवणे आणि पुरवठा बंद करून पट्ट्या अधूनमधून गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुणे हे उपाय उपयुक्त ठरतात.

सौर पटलांसाठी आयईसी ६१७०१ ही मिठाच्या तुषारांची स्वतंत्र चाचणी आहे. पटल टिकाऊ असले तरी त्यांचे आधार, बोल्ट, जोडणीचे प्लग आणि अर्थिंगच्या पट्ट्या हे संचाचे दुर्बळ भाग असतात. ॲल्युमिनियमची चौकट आणि पोलादी आधार यांच्यामध्ये विद्युतरोधक चकत्या घालतात. मात्र त्यामुळे चौकटीचे अर्थिंग खंडित होत असल्याने त्यासाठी वेगळी तार द्यावी लागते.

कोकण किनाऱ्यावरील परिस्थिती

महाराष्ट्राला पारंपरिक मोजणीनुसार सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. कोकणातील ऋतुचक्राचा विद्युत उपकरणांवर विशिष्ट परिणाम होतो. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पाऊस विद्युतरोधकांवरील मीठ धुऊन काढतो. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पाऊस जवळजवळ नसतो. या काळात मीठ आणि धूळ यांचा थर वाढत जातो. हिवाळ्यातील पहाटेचे दव आणि मे महिन्यातील वळवाच्या पहिल्या हलक्या सरी हा थर ओला करतात. त्यामुळे फ्लॅशओव्हरच्या दृष्टीने भर पावसाळ्यापेक्षा त्याच्या आधीचे दिवस अधिक जोखमीचे असतात. विद्युतरोधकांची सफाई व तपासणी पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्यामागे फांद्या छाटण्याबरोबरच हेही एक कारण आहे.

जमिनीलगत पोलादी खांबाची झीज सर्वाधिक होते, कारण तेथे ओलावा आणि हवा दोन्ही मिळतात. वादळी वाऱ्याचा सर्वाधिक ताणही खांबाच्या बुंध्यावरच येतो. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानेही कोकणातील वीजयंत्रणेचे नुकसान केले. चक्रीवादळांच्या जोखमीवरील उपाय म्हणून अलिबाग परिसरात भूमिगत वाहिन्यांचे काम हाती घेण्यात आले.

चाचण्या व संशोधन

साहित्याची मीठ सहन करण्याची क्षमता मिठाच्या तुषारांच्या कक्षात तपासतात. एएसटीएम बी११७ ही १९३९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली चाचणी प्रसिद्ध असून, तिच्यात ३५ अंश सेल्सियस तापमानात ५ टक्के मिठाच्या द्रावणाचे तुषार सतत सोडले जातात. प्रत्यक्षात पृष्ठभाग आलटून पालटून ओले व कोरडे होत असल्याने कक्षातील तासांवरून उपकरणाचे आयुष्य थेट सांगता येत नाही. म्हणून आयईसी ६००६८-२-५२ सारख्या चाचण्यांत तुषार आणि दमटपणा यांची आवर्तने दिली जातात.

भारतात तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था संक्षारणावर काम करते. या संस्थेची स्थापना १९४८ मध्ये झाली असून, मंडपम येथे तिचे समुद्रकिनारी चाचणी केंद्र आहे. बंगळूरू येथील केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत विद्युतरोधकांच्या चाचण्या होतात. अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा जहाजांसाठी लागणाऱ्या साहित्याच्या संरक्षणाचा अभ्यास करते.

देखभाल

मीठ पूर्णपणे रोखणे शक्य नसल्याने संरक्षणाचा मोठा भाग नियमित देखभालीवर अवलंबून असतो. गोड्या पाण्याने धुणे हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय होय. उपकेंद्रांतील विद्युतरोधक पुरवठा बंद करून पुसतात किंवा प्रशिक्षित कर्मचारी कमी वाहकतेच्या पाण्याचा झोत ठरावीक अंतरावरून सोडून ते धुतात. चालू वाहिनीजवळ साधे पाणी वापरणे प्राणघातक ठरू शकते. उष्णतादर्शक कॅमेऱ्याने तापलेले जोड डोळ्यांना दिसण्याआधीच ओळखता येतात. पेटीच्या झाकणाचे रबर, निचऱ्याची छिद्रे, ग्लँड, अर्थिंगचे जोड आणि रंगाचे ओरखडे यांची तपासणी वर्षातून किमान एकदा, पावसाळ्यापूर्वी केली जाते. रंगाखाली मीठ राहिल्यास नव्या रंगाला लवकरच फोड येतात. म्हणून गंज खरवडल्यानंतर पृष्ठभाग गोड्या पाण्याने धुऊन व वाळवूनच रंग देतात.

मर्यादा

किनाऱ्यासाठी योग्य साहित्याची किंमत साध्या साहित्यापेक्षा अधिक असते. उंची पेटी घेऊन तिला साधे बोल्ट लावले, किंवा बंदिस्त पेटीला बसवताना वरून भोक पाडले, तर मूळ खर्च वाया जातो. याउलट घराच्या आतील कोरड्या भिंतीवर बसवलेल्या साध्या पेटीला महाग साहित्याची गरज नसते. त्यामुळे उपकरणाची जागा आधी ठरवून तेथील हवेचा वर्ग विचारात घेणे, त्यानुसार साहित्य निवडणे आणि तपासणीचे वेळापत्रक पाळणे हा क्रम सर्वाधिक परिणामकारक मानला जातो. यांपैकी कोणताही उपाय कायमस्वरूपी नसतो. मुलामा, लेप, ग्रीस आणि रबर यांचे आयुष्य ठरलेले असते व ते संपण्यापूर्वी त्यांचे नूतनीकरण करावे लागते.